कागदी कंदील आणि उघडा दिवा

टेनेसी विल्यम्स या अमेरिकन नाटककाराच्या 'अ स्ट्रीटकार नेम्ड डिझायर' या नाटकाविषयी जे लिहिले जाते, त्यातला बराच भाग एका ठरलेल्या सूत्रावर चालतो. ब्लांश म्हणजे भ्रम, स्टॅन्ली म्हणजे वास्तव. दोघांची टक्कर होते, वास्तव जिंकते आणि भ्रमाचा चुराडा होतो. परीक्षेसाठी काढलेल्या मार्गदर्शिकांनी हे सूत्र इतके घोटून दिले आहे की नाटक न वाचताही उत्तर लिहिता येईल. मला हे सूत्र अपुरे वाटते. या नाटकात भ्रमाशिवाय जगणारे एकही माणूस नाही. काहींच्या भ्रमाला घर आहे, कमाई आहे, पत्ते खेळायला येणारे दोस्त आहेत. म्हणून त्याला कुणी भ्रम म्हणत नाही. एकीच्या भ्रमाला मात्र कागदाच्या एका कंदिलाखेरीज आधार नाही. नाटकाची शोकात्मता या तफावतीत आहे, असे मला दाखवायचे आहे.

हे नाटक पहिल्यांदा रंगमंचावर आले ते ३ डिसेंबर १९४७ रोजी, न्यू यॉर्कच्या एथेल बॅरीमोर थिएटरात. दिग्दर्शन एलिया कझानचे. जेसिका टँडी ब्लांश झाली होती, किम हंटर स्टेला, कार्ल माल्डन मिच आणि तरुण मार्लन ब्रँडो स्टॅन्ली. १९४८ चे पुलित्झर पारितोषिक या नाटकाला मिळाले. १९५१ मध्ये कझाननेच त्यावर चित्रपट काढला. ब्लांशचे काम त्यात व्हिव्हियन लीने केले, बाकीचे तिघे तेच राहिले. आपल्यापैकी अनेकांची या कथेशी ओळख होते ती या चित्रपटामुळे, आणि तिथेच थोडा घोटाळा होतो. ब्रँडोचा स्टॅन्ली इतका देखणा आणि इतका जिवंत आहे की त्याच्या बोलण्याला प्रेक्षक नकळत मान डोलावतो. संहिता हातात घेऊन सावकाश वाचली की ही मोहिनी उतरू लागते.

ज्यांनी नाटक वाचलेले नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. मिसिसिपी राज्यातल्या लॉरेल इथली 'बेल रीव्ह' ही जमीनदारी कर्जात आणि एकामागून एक झालेल्या मृत्यूंत बुडाली आहे. या घराण्यातली थोरली मुलगी, इंग्रजीची शिक्षिका ब्लांश द्युबोआ, मे महिन्यातल्या एका संध्याकाळी न्यू ऑर्लिन्सला धाकट्या बहिणीच्या, स्टेलाच्या, दोन खोल्यांच्या घरी येऊन थडकते. महायुद्धातून परतलेल्या स्टॅन्ली कोवाल्स्की या पोलिश वंशाच्या माणसाशी स्टेलाने लग्न केले आहे, आणि तिला दिवस गेले आहेत. प्रकृतीला विश्रांती हवी म्हणून शाळेने रजा दिली, असे ब्लांश सांगते. प्रत्यक्षात सतरा वर्षांच्या एका विद्यार्थ्याशी संबंध ठेवल्यामुळे तिला काढून टाकलेले असते, आणि त्याआधी एका स्वस्त हॉटेलात अनोळखी पुरुषांच्या सोबतीत तिने बरेच दिवस काढलेले असतात. स्टॅन्ली ही माहिती खणून काढतो. तिच्याशी लग्न करू पाहणाऱ्या मिचच्या कानावर ती घालतो. ब्लांशच्या वाढदिवशी तिच्या हातावर परतीच्या बसचे तिकीट ठेवतो. आणि स्टेला बाळंतपणासाठी इस्पितळात असते त्या रात्री तो ब्लांशवर बलात्कार करतो. काही आठवड्यांनी ब्लांशला वेड्यांच्या इस्पितळात पाठवले जाते. असे अकरा प्रवेश आहेत.

विजय तेंडुलकरांनी हे नाटक मराठीत आणले, 'वासनाचक्र' या नावाने. ते १९६६ मध्ये प्रसिद्ध झाले. शीर्षकाच्या या भाषांतराशी थोडे थांबायला हवे. 'डिझायर' अशी पाटी लावलेली ट्राम न्यू ऑर्लिन्समध्ये खरोखरच धावत होती. १९२० मध्ये ती सुरू झाली आणि नाटक आल्यावर थोड्याच महिन्यांत, १९४८ मध्ये, बंद पडली. ब्लांश आल्याआल्या आपला प्रवास सांगते तो असा: आधी 'डिझायर'ची ट्राम, मग बदलून 'स्मशानां'ची ट्राम, आणि शेवटी 'इलिझियन फील्ड्स' हा थांबा. ग्रीकांच्या कल्पनेत इलिझियन फील्ड्स म्हणजे पुण्यवान मृतांचे नंदनवन. इथे ती रेल्वेचे रूळ आणि नदी यांच्यामधली गरीब वस्ती आहे. शहराच्या खऱ्या नकाशातून विल्यम्सने आपल्या नायिकेचे सगळे आयुष्य वाचून दाखवले. तेंडुलकरांच्या 'चक्रा'ने पुन्हापुन्हा फिरून तिथेच येण्याचा अर्थ मिळवला, पण ट्रामचा प्रवास गेला आणि त्याबरोबर स्मशानही गेले. शिवाय 'वासना' या मराठी शब्दाला निवाड्याचा वास आहे. आपल्या घरांत जी उर्दू-दखनी कानावर पडते तिच्यात आरजू वेगळी आणि हवस वेगळी. 'डिझायर' या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी उभी आहे. ब्लांशच्या लेखी तर ती मृत्यूच्या विरुद्ध टोकाची गोष्ट आहे: घरात एकेक माणूस मरत असताना ती उशापायथ्याशी बसून होती, आणि त्या मरणांपासून पळण्यासाठी तिने जे जवळ केले त्याचे नाव डिझायर. त्याला नुसते वासना म्हटले की पडदा उघडण्याआधीच आरोपपत्र वाचून झाल्यासारखे होते. तेंडुलकरांसारख्या कान तयार असलेल्या लेखकालाही मराठीत दुसरा शब्द सापडू नये, यात दोष त्यांच्यापेक्षा भाषेच्या संस्कारांचा अधिक.

नाटकात प्रतीकांची गर्दी आहे, आणि ती सगळीच सारख्या तोलाची नाहीत. पांढरे कपडे घातलेली ब्लांश, नावाचाच अर्थ 'पांढरी', तिच्या पांढऱ्या झग्यावर सांडलेला कोकाकोला. हे जरा बोट दाखवून सांगितल्यासारखे वाटते. मिच तिला सोडून जाण्याच्या बेतात असताना मृतांसाठी फुले विकणारी मेक्सिकन बाई नेमकी दारात यावी, हेही मला अतिरेकी वाटते. पुन्हापुन्हा केलेली गरम पाण्याची अंघोळ त्यापेक्षा चांगली, कारण तिचा घरातल्या भांडणाशी रोजचा संबंध आहे. स्नानघर एकच आहे आणि उकाड्याने वैतागलेला स्टॅन्ली बाहेर ताटकळत असतो. पण या सगळ्यांपेक्षा ज्याच्यावर नाटक उभे आहे ते प्रतीक म्हणजे कागदी कंदील. पत्त्यांच्या रात्री ब्लांश मिचला विनंती करते, बोर्बन स्ट्रीटवरच्या चिनी दुकानातून आणलेला हा रंगीत कंदील उघड्या बल्बवर अडकवून द्या. मिच अडकवतो. पुढे नवव्या प्रवेशात तोच मिच तो ओरबाडून काढतो आणि दिवा तिच्या चेहऱ्यावर धरतो. शेवटच्या प्रवेशात स्टॅन्ली तो पुन्हा बल्बवरून टरकावतो आणि जाताना घेऊन जा म्हणून तिच्यापुढे करतो. तेव्हा ती किंचाळते, जणू कुणी तिलाच फाडले आहे. एक वस्तू तीन वेळा हाताळली जाते आणि नाटकाचा सगळा चढउतार त्यात मावतो.

इथे मुसलमान वाचकाला एक अडचण येते, आणि ती अडचणच मला उपयोगी वाटते. प्रकाश म्हणजे सत्य, हिदायत, नूर, हे आपल्या मनात लहानपणापासून पक्के असते. मग प्रकाशाला भिणारी बाई म्हणजे असत्य, आणि दिवा धरणारा पुरुष म्हणजे सत्य, असा अर्थ आपण झटकन लावतो. पण सूरह नूर आठवून पाहा. तिच्या पस्तिसाव्या आयतीत नूरची जी उपमा आहे, त्यातला दिवा उघडा नाही. तो कोनाड्यात आहे, काचेच्या आत आहे, आणि ती काच स्वतः ताऱ्यासारखी उजळली आहे. पुढे थोड्याच अंतरावर सराबची, मृगजळाची, उपमा येते: तहानलेला माणूस ज्याला पाणी समजून धावतो आणि जवळ गेल्यावर ज्यात काही सापडत नाही. आणि याच सूरहच्या आरंभी चारित्र्यवान स्त्रीवर आळ घेणाऱ्याने चार साक्षीदार आणावेत, नाहीतर शिक्षा भोगावी आणि त्याची साक्ष कायमची नाकारली जावी, असा हुकूम आहे, हजरत आयेशा (रजि.) यांच्यावर घेतलेल्या आळाचा प्रसंग आहे, आणि अशी गोष्ट कानावर आली तेव्हा आपल्याच माणसांविषयी चांगला विचार का केला नाही, अशी विचारणाही आहे. दिवा, मृगजळ आणि स्त्रीची अब्रू ही तिन्ही एकाच सूरहमध्ये यावीत याकडे मी तफसीर म्हणून बोट दाखवत नाही. तो माझा अधिकार नाही. विल्यम्सच्या मनात असे काही असण्याचा तर प्रश्नच नाही. पण ती सूरह मनात असलेला वाचक या नाटकात लगेच ओळखेल की मिचच्या हातातला उघडा बल्ब म्हणजे नूर नव्हे. काचेतल्या दिव्याने वाट दिसते. या बल्बने फक्त एका बाईच्या डोळ्यांखालच्या सुरकुत्या दिसतात.

कंदिलाची गरज ब्लांशला का पडली, याचे उत्तर सहाव्या प्रवेशात आहे. वय लपवायला, हे वरवरचे उत्तर. खरी गोष्ट ती मिचला रात्री उशिरा सांगते. कोवळ्या वयात तिने ॲलन ग्रे नावाच्या कविता करणाऱ्या मुलाशी लग्न केले होते. तो मदत मागत होता हे तिला कळले, कसली मदत ते कळले नाही. एके दिवशी एका खोलीत ती अचानक शिरली आणि तिला तो दुसऱ्या, वयाने मोठ्या पुरुषाबरोबर दिसला. त्या संध्याकाळी काहीच पाहिले नाही असे दाखवत तिघेही मून लेकच्या कॅसिनोत गेली. नाचता नाचता तिला राहवले नाही. मी पाहिले आहे, मला तुझी किळस येते, असे ती बोलून गेली. ॲलन धावत बाहेर गेला आणि त्याने गोळी झाडून घेतली. जगावर लावलेला झोतदिवा त्या क्षणी विझला आणि त्यानंतर आयुष्यात मेणबत्तीहून मोठा उजेड आला नाही, अशा आशयाचे ती मिचला सांगते. त्या नाचाची पोल्का धून तिच्या कानात वाजत राहते आणि बंदुकीचा आवाज झाल्यावरच थांबते. ती धून तिच्याखेरीज आपल्यालाच ऐकू येते.

म्हणजे उघडे सत्य तोंडावर फेकले की माणूस मरतो, हे ब्लांशने स्वतः करून पाहिले आहे. ती जे बोलली त्यात खोटे काही नव्हते. कंदील आला तो त्यानंतर. तिच्या खोटेपणाकडे मी या बाजूने पाहतो, तेव्हा त्यात नटवेपणाइतकेच प्रायश्चित्तही दिसते. आपल्या भाषेत याला कफ्फारा म्हणता येईल का? पुरते म्हणता येणार नाही, कारण ती दुसऱ्या टोकाला नवे अपराध करतच असते. सतरा वर्षांचा विद्यार्थी, आणि पाचव्या प्रवेशात वर्तमानपत्राचे पैसे गोळा करायला आलेला तो पोरगा: दोघांतही ती ॲलनचे वय शोधते. विद्यार्थ्याबाबत तर तिच्यावर शिक्षिकेची जबाबदारी होती. तिचे एकटेपण समजून घेताना यावर पांघरूण घालायचे कारण नाही.

तिच्या भ्रमाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बेल रीव्ह म्हणजे सुंदर स्वप्न. पण त्या स्वप्नाचे पांढरे खांब उभे राहिले ते गुलामांच्या श्रमावर, आणि नाटक हे जवळजवळ सांगतच नाही. पूर्वजांनी आपल्या व्यभिचारापायी जमिनी उडवल्या, इतके ब्लांश मान्य करते. जमिनी कुणी कसल्या, हा प्रश्न तिला पडत नाही आणि विल्यम्सलाही फारसा पडलेला दिसत नाही. पायरीवर बसलेली जी काळी बाई नाटकाच्या सुरुवातीला युनिसशी गप्पा मारते, तिला साधे नावही दिलेले नाही. एवढ्या कोवळ्या मनाच्या नाटककाराची नजर इथे अपुरी पडली.

या घराण्याच्या ताठ्यातूनच ब्लांश स्टॅन्लीच्या वंशाला लागलेली शिवी वारंवार वापरते. पोलंडहून आलेल्यांना अमेरिकेत तुच्छतेने ज्या शब्दाने हाक मारत तो शब्द. त्याला माकडाच्या पिढीतला म्हणते. ते तो दाराआड उभा राहून ऐकतो. आठव्या प्रवेशात वाढदिवसाच्या जेवणावर तो उसळतो आणि ठणकावतो की पोलंडच्या लोकांना पोल म्हणतात, आणि मी शंभर टक्के अमेरिकन आहे, इथे जन्मलो, इथे वाढलो. हा क्षण आपल्या वाचकाला आतून कळेल. ज्यांना आपल्याच देशाचे असल्याचा दाखला पुन्हापुन्हा द्यावा लागतो, त्यांना स्टॅन्लीचा राग समजावून सांगावा लागत नाही. मी तर म्हणेन, या एका वाक्यापुरता तो नाटकातला सर्वांत न्याय्य माणूस आहे. विल्यम्सचे मोठेपण असे की त्याने हा राग खरा ठेवला आणि त्याची सवलत मात्र दिली नाही. त्याच जेवणात स्टॅन्ली ताट जमिनीवर भिरकावतो. या घरात राजा मीच, असे सांगतो. आणि ज्या बाईने अपमान केला तिला तिकीट देऊन बेघर करतो. दोन प्रवेशांनंतर त्याहून भयंकर ते घडते. अपमान झालेला माणूस निर्दोष असतोच असे नाही, हे आपल्यासारख्या समाजालाही ऐकायला जड जाते. त्यातही त्याचा हात घरातल्या बाईवर पडला असेल तर फारच.

आणि स्टॅन्ली खरोखर वास्तवात जगतो का? लुइझियानाचा पुढारी ह्यूई लाँग याने प्रत्येक माणूस राजा असल्याची घोषणा दिली होती. स्टॅन्ली तिचाच हवाला देऊन भाड्याच्या दोन खोल्यांत राज्य करतो. ब्लांशची टाचणीएवढी मालमत्ताही आपल्या बायकोची आणि म्हणून आपली, हे सिद्ध करायला तो नेपोलियनचा कायदा सांगतो. तिच्या पेटीतले खोटे खडे त्याला हिरे वाटतात, स्वस्त फर मोलाची वाटते. शेवटच्या प्रवेशात पत्ते खेळताना तो दोस्तांना ऐकवतो की सालेर्नोच्या लढाईत पाचांतले चार मरणार हे ठाऊक असूनही मी नशीबवान आहे असे मी धरून चाललो, आणि वाचलो. पुढे राहायचे तर नशिबावर असा विश्वास हवा. हे भ्रमाचेच तत्त्वज्ञान आहे. त्याचा भ्रम फळाला आला, एवढेच. आणि बायकोबरोबरच्या रात्रींविषयी बोलताना तो रंगीत दिव्यांची आठवण काढतो. ब्लांश गेली की ते रंगीत दिवे पुन्हा लागतील, असे आश्वासन तो स्टेलाला देतो. आपल्या सुखासाठी त्यालाही पांढरा बल्ब चालत नाही.

त्याची चौकशी पाहा. ज्याचा लॉरेलला नेहमी जाणे-येणे आहे असा एक विक्रेता गाठून तो माहिती मिळवतो, ती पक्की करून घेतो, आधी मिचला सांगतो आणि मग स्टेलाला. ही माहिती बहुतांशी खरी आहे. म्हणूनच आळ आणि सत्य यांचा भेद सांगून सुटता येत नाही. पण सूरह हुजुरातमध्ये ज्या टेहळणीला आणि पाठीमागच्या बदनामीला मनाई आहे, ती खोट्यापुरती नाही. पाठीमागे सांगितलेली खरी उणीव हीच तर गीबत, आणि तिला मेलेल्या भावाचे मांस खाण्याची उपमा दिली आहे. नाटकाच्या अगदी सुरुवातीला स्टॅन्ली रक्ताने डागळलेले मांसाचे पुडके बायकोच्या अंगावर फेकत प्रवेश करतो. विल्यम्सने ते पुरुषाच्या आदिम ताकदीचे चिन्ह म्हणून ठेवले. माझ्या डोक्यातून मात्र दुसरा अर्थ आता जात नाही.

मिचबद्दल थोडेच सांगण्यासारखे आहे, पण ते बोचणारे आहे. आजारी आईची सेवा करणारा, मरून गेलेल्या एका मुलीने दिलेली सिगारेटची डबी जपणारा हा सभ्य माणूस. ब्लांशला वाटते, इथे विसाव्याला जागा आहे. त्यानेच कंदील लावला आणि त्यानेच तो फाडला. त्या प्रवेशात ब्लांश पहिल्यांदाच काही न लपवता सगळे कबूल करते. मिच काय करतो? लग्नाला नकार देतो, कारण ही बाई आईच्या घरात नेण्याइतकी स्वच्छ नाही. आणि त्याच श्वासात तिच्या शरीरावर हक्क सांगतो. सत्य सांगितल्याबद्दल तिला मिळालेले हे बक्षीस. ती आग लागल्याची आरोळी ठोकते तेव्हा तो पळतो.

आता स्टेला. समीक्षेत तिची जागा नेहमी दोन ओळींची असते: बिचारी, दोघांच्या मध्ये सापडलेली. मला तर तीच नाटकाचा मध्यबिंदू वाटते. पत्त्यांच्या रात्री गरोदर असताना नवऱ्याचा मार खाऊन ती वरच्या मजल्यावर युनिसकडे जाते, आणि तो रस्त्यावर उभा राहून टाहो फोडतो तेव्हा जिना उतरून परत येते. दुसऱ्या दिवशी ब्लांश समजावते, तर ती म्हणते त्यात एवढे काय. तेव्हापासून तिला काय पाहायचे नाही हे तिने ठरवलेले आहे. शेवटच्या प्रवेशात ती युनिसजवळ बोलते की ब्लांशची गोष्ट खरी मानली तर स्टॅन्लीबरोबर संसार करता येणार नाही. युनिस तिला बजावते की कधीही विश्वास ठेवू नकोस, जगणे चालू राहायला हवे. युनिसही नवऱ्याचा मार खाणारी. ती दुष्ट नाही. हातात तान्हे मूल असलेल्या, कमाई नसलेल्या बाईला ती जे सांगते ते आपल्याकडच्या कितीतरी खालांनी आणि फुफींनी जिन्यात उभे राहून सांगितलेले आहे.

पण त्याचा अर्थ काय होतो तो पाहा. नाटकभर ब्लांश खोटे बोलली, आणि ते खोटे पकडणे हे सर्वांना सत्याचे काम वाटले. तिने जे एक वाक्य निखालस खरे सांगितले, बहिणीच्या नवऱ्याने माझ्यावर जबरदस्ती केली, त्यालाच वेड ठरवले गेले. आणि डॅलसचा श्रीमंत शेप हंटली मला न्यायला येतो आहे, हे तिचे सर्वांत पोकळ स्वप्न. ते मात्र कुणी मोडत नाही. दारात डॉक्टर आणि परिचारिका उभ्या असताना, आलेला माणूस डॅलसचाच का, असे ब्लांश विचारते आणि युनिस होकार देते. ज्या घराने खोटेपणासाठी तिला शिक्षा केली, त्याच घराने तिला बाहेर काढण्यासाठी तिचे खोटे वापरले. अकराव्या प्रवेशातल्या या होकाराइतके थंड वाक्य मला दुसऱ्या नाटकात चटकन आठवत नाही. याच प्रवेशात ब्लांश न धुतलेले द्राक्ष खाऊन समुद्रावर मरण्याचे, स्वच्छ पांढऱ्या कापडात शिवून पाण्यात सोडले जाण्याचे स्वप्न सांगत असते. कफनाची ही इच्छा बाकीच्या बायका ऐकून घेतात आणि तिचे सामान भरतात.

विल्यम्सला हे घर कुठून कळले असेल? त्याची बहीण रोझ हिच्यावर १९४३ मध्ये मेंदूची शस्त्रक्रिया, लोबोटॉमी, झाली आणि उरलेले आयुष्य तिने संस्थांत काढले. 'द ग्लास मिनाजरी'तली लॉरा तिच्यावरून रेखाटली आहे. अडचणीच्या बाईला गप्प करण्याची जबाबदारी घर डॉक्टरवर कशी सोपवते, याची त्याला ऐकीव माहिती नव्हती. म्हणूनच त्याने डॉक्टरला क्रूर केले नाही. डॉक्टर टोपी काढतो, तिला नावाने हाक मारतो, हात पुढे करतो, आणि अनोळखी माणसांच्या दयेचा आसरा घेत आलेली ब्लांश त्याच्या हातात हात देऊन ताठ चालत जाते. घरच्यांकडे वळूनही पाहत नाही.

'वासनाचक्र' आल्यानंतरच्या वर्षी, १९६७ मध्ये, तेंडुलकरांचे 'शांतता! कोर्ट चालू आहे' रंगमंचावर आले. तिथेही शिक्षिका आहे, नोकरीवर गदा आहे, आणि तिचे खासगी आयुष्य चव्हाट्यावर मांडून मजा घेणारी सभ्य मंडळी आहेत. एकातून दुसरे आले असे म्हणण्यास माझ्याजवळ आधार नाही, आणि तसे म्हणण्याची गरजही नाही. पण बेणारेचा शेवट आठवला की जाणवते, तिला निदान एक स्वगत मिळाले. भोवतीची माणसे ते ऐकत नाहीत, पण प्रेक्षक ऐकतो. ब्लांशला ज्या रात्रीविषयी बोलायचे होते त्या रात्रीचे स्वगत विल्यम्सने लिहिलेच नाही. तिने बहिणीला ते कोणत्या शब्दांत सांगितले हेही आपल्याला कळत नाही. आपल्यापर्यंत पोचते ते फक्त स्टेलाने त्यावर विश्वास न ठेवण्याचे ठरवले हे.

चित्रपटाच्या वेळी अमेरिकन सेन्सॉरला हा शेवट सहन झाला नाही. स्टॅन्लीला शिक्षा हवी म्हणून चित्रपटातली स्टेला मूल उचलते, पुन्हा या घरात पाय ठेवणार नाही म्हणते आणि वरच्या मजल्यावर निघून जाते. ॲलनच्या मरणाचे खरे कारणही तिथे गाळले आहे. प्रेक्षक सुटकेचा श्वास टाकतो. पण वर जाऊन परत खाली आलेली स्टेला आपण पत्त्यांच्या रात्री पाहिलेली आहे, म्हणून मला ती सुटका टिकाऊ वाटत नाही. नाटकात विल्यम्सने असे काही केले नाही. ब्लांश गेल्यावर स्टेला पायरीवर मूल घेऊन हुंदके देते, स्टॅन्ली गुडघ्यावर बसतो, तिला चुचकारतो, त्याची बोटे तिच्या पोलक्याशी चाळा करू लागतात. मिच टेबलावर डोके टेकून बसलेला असतो. आणि आत स्टीव्ह पुढचा डाव कोणत्या प्रकारचा ते सांगून पत्ते वाटायला घेतो.